वसईला जाऊन आल्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "सहलीचा वृत्तांत" असे छापले आहे. वृत्तांत म्हटला तर तो दोन ओळींत संपतो. जानेवारीतल्या एका रविवारी आपल्या मंडळाच्या बत्तीस भगिनी दादरहून विरार गाडीने वसईला गेल्या, किल्ला पाहिला, एके ठिकाणी चहा घेतला आणि दिवेलागणीला सुखरूप घरी आल्या. खजिनदारबाईंचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत जुळला. झाला वृत्तांत!

पण या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली. ती मी बत्तीस जणींच्या देखत केली, म्हणून तिची कबुलीही चार भिंतींत न देता सगळ्यांच्या देखतच द्यावी असे मला वाटते. ज्यांच्या बाबतीत ती झाली त्या मावशी समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी उभी राहिले आहे. "सांगा की बाई, त्यात काय!" असे त्या म्हणाल्या. त्या सगळ्याच गोष्टींना "त्यात काय" म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

मावशींना आपण सगळ्याजणी वसईची मावशी म्हणतो. मंडळात येऊन त्यांना चार वर्षे झाली. पापडाच्या दिवशी सर्वांत आधी येणार, लाटणे धुऊन ठेवून सर्वांत शेवटी जाणार. त्यांच्या गळ्यातला क्रूस आपण रोज पाहतो, नाताळात त्यांच्या घरचा फराळ खातो. तरीसुद्धा वसईची सहल ठरली तेव्हा "मावशी, तुमचे माहेर तिथेच ना? तुम्हीच दाखवा आम्हांला वसई," असे म्हणायचे कुणालाही सुचले नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. का, तर मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला! आणि मीही मोठ्या हौसेने मानेला झोला देऊन हो म्हटले.

सकाळची गाडी रविवार असूनही भरलेलीच होती. पण बोरिवलीनंतर बसायला मिळाले. भाईंदर सुटले की गाडी खाडीवर येते. मधे पाणजू बेट लागते, त्याच्या अलीकडे एक पूल आणि पलीकडे एक. पाण्याचा तो विस्तार पाहिला की मुंबई मागे राहिली असे मनाला खरोखर वाटते. मग नायगावच्या बाजूला मिठागरे दिसतात आणि त्यांच्या पाठीमागे नव्या इमारतींची रांगच्या रांग उभी राहते, की मुंबई पुन्हा समोर हजर! त्या पुलावर गाडी आली आणि मी बोलायला सुरुवात केली. शिक्षिकेचा आवाज, डब्यातल्या परक्या बायकासुद्धा ऐकू लागल्या.

मी सांगितले त्यातले बरेचसे खरे होते, आणि ते तुम्ही जरूर लक्षात ठेवावे असेच आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने देऊन टाकला. त्या मुलखात आपली मुंबईसुद्धा होती. आज आपण वसईला मुंबईचे उपनगर समजतो; त्या काळी मुंबई ही वसईच्या पदरची सात क्षुल्लक बेटे होती. वसईत मोठमोठे वाडे होते, चर्चे होती, मठ होते, जहाजे बांधली जात होती. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील साऱ्या प्रांताची ती राजधानी. इथला काळा दगड गोव्यापर्यंत जात असे; जुन्या गोव्यातल्या ज्या बॉम जीझसच्या चर्चला आपण यात्रेसारखे जातो, त्याच्या दर्शनी भागाला वसईचाच दगड आहे.

इथे मी बायकांसाठी म्हणून एक गोष्ट घातली, ती आताही सांगते. पोर्तुगालचा राजा तिकडच्या कुलीन पण अनाथ मुलींना जहाजांत बसवून हिंदुस्थानात धाडीत असे आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंडा म्हणून या प्रांतातली गावे लावून देत असे. आईबाप नसलेली पोर, सहा सात महिन्यांचा समुद्र, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर न पाहिलेला नवरा! ज्या गावांचा हुंडा झाला त्या गावांतल्या लोकांना तर कुणी विचारण्याचाही प्रश्न नव्हता. आणि मुंबईचे तरी निराळे काय झाले? १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे, कॅथरिनचे, इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले आणि मुंबई हुंड्यात गेली. १६६५ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी प्रत्यक्ष ताबा घेतला तो जिच्या वाड्यात, ती दोन्या इनेस द मिरांडा नावाची एक विधवा बाई होती. त्या वेळी बेट तिच्या ताब्यात होते. आपण ज्या शहरात पाण्याच्या बिलावरून भांडतो ते शहर एका बाईच्या हुंड्यात आले आणि दुसऱ्या बाईच्या घरात हस्तांतरित झाले, हे ऐकून डब्यातल्या एका परक्या बाईने चक्क कपाळावर हात मारला.

मग मी मुख्य गोष्टीवर आले. फिरंग्यांचा जुलूम, पाडलेली देवळे, बाटवाबाटवी. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे घातलेले गाऱ्हाणे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. आणि मग चिमाजीअप्पांचा वसईचा वेढा! फेब्रुवारी १७३९ पासून मे महिन्यापर्यंत. तिन्ही बाजूंनी पाणी, उत्तरेच्या बाजूने तेवढी जमीन. त्या जमिनीवरून सुरुंग खणीत खणीत बुरुजाखाली जायचे आणि वरून फिरंग्यांचा मारा सोसायचा. हजारो माणूस पडले. "किल्ला हाती येत नसेल तर माझे डोके तरी तोफेच्या तोंडी बांधून आत टाका," असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती सांगताना माझा आवाज दरवर्षी चौथीच्या वर्गात जसा भरून येई तसाच त्या दिवशी गाडीतही आला. शेवटी बुरुजाला खिंडार पडले, १६ मे १७३९ रोजी तह झाला आणि २३ मे रोजी किल्ल्यावर भगवा चढला.

आणि मग मी म्हणाले, "फिरंगी आणि त्यांचे सगळे किरिस्ताव जहाजांत बसून निघून गेले, आणि वसई मोकळी झाली!"

टाळ्या पडल्या. वसई रोड स्टेशन आले. उतरण्याच्या गडबडीत मावशींनी माझी पाण्याची पिशवी उचलून घेतली, एवढेच मला आठवते. त्या टाळ्या वाजवीत होत्या की नाही हे मी पाहिले नाही.

स्टेशनपासून किल्ला बराच लांब आहे. बस मिळते, आम्ही रिक्षा केल्या. एका रिक्षेत तिघींचा नियम असताना आमच्यातल्या काही भगिनींनी तो कसा पाळला हे मी इथे सांगत नाही. २०२४ साली भाईंदरहून वसईच्या किल्ल्याजवळच्या धक्क्यापर्यंत मोटारी आणि माणसे नेणारी बोटही सुरू झाली, तेव्हा ज्यांना पाण्याची भीती वाटत नाही त्यांनी तिची चौकशी करावी.

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर येतो. वसईला डोंगर नाही, चढ नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी मुळीच घाबरू नये. हा किल्ला म्हणजे तटाच्या आतले आख्खे शहर होते. तटाची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे, आणि मधून डांबरी रस्ता थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत जातो. म्हणजे मासळीच्या टोपल्या घेऊन बायका रोज या शहराच्या पोटातून ये-जा करतात. आत नागेश्वराचे देऊळ आहे, वज्रेश्वरीचे आहे, चिमाजीअप्पांचा पुतळा आहे. बाकी सारे झाडीत. वड, पिंपळ, ताड. भिंती उभ्या आहेत, कमानी उभ्या आहेत, छप्पर मात्र एकाही वाड्याला नाही. स्वयंपाकघर कोणते, देवघर कोणते, माजघर कोणते, असा आम्हा बायकांचा तर्क चालला होता. माझ्या मते एका ठिकाणी नक्की विहिरीचा कठडा होता; दुसऱ्या एकीच्या मते ती चूल होती. आम्ही ते मतदानाला टाकले नाही.

दोन गोष्टी मात्र मनाला लागल्या. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, पण पाटीच्या पायाशीच थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग होता. आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी इतकी की प्रत्येक कमानीत एक नवरी! एका नवरीचा झगा भिंतीवरच्या काट्यांत अडकला, तो आमच्यातल्या दोघींनी सोडवून दिला. तिच्या फोटोग्राफरने त्या दोघींनाच बाजूला व्हायला सांगितले.

संत जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. त्याच्या पोटातून अरुंद गोल जिना वर जातो. तरुण भगिनी वर गेल्या, मी आणि मावशी खालीच राहिलो. वर पाहिले तर जिथे घंटा असायची ती कमान रिकामी. तिच्यातून आकाशाचा निळा तुकडा दिसत होता.

मावशी म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, इथल्या सगळ्या घंटा मराठ्यांनी काढून नेल्या. कुठं नेल्या कुणास ठाऊक."

मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अहो, मला ठाऊक आहे ना! एक आमच्या नाशिकला आहे!"

भगिनींनो, माझे माहेर नाशिकचे. गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर उंच एक मोठी घंटा टांगलेली आहे. नारोशंकराची घंटा. तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे. ती वसईच्या विजयातली, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. अशाच वसईच्या म्हणून सांगतात त्या घंटा भीमाशंकरला आहेत, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. नाशिकच्या माणसाला गोदेचा पूर दोन गोष्टींनी कळतो. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले, आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचले की नाही. लहानपणी पुराच्या दिवसांत माझे वडील मला खांद्यावर घेऊन ती दाखवायला नेत. "ही आपल्या चिमाजीअप्पांनी फिरंग्यांची जिंकून आणली," असे सांगत. सारे बालपण मी त्या घंटेकडे वर पाहत आले. ती जिथून निघाली त्या जागेकडे मी कधी वर पाहिले नव्हते. आमची घंटा याच मनोऱ्यातली असेल असे नव्हे. वसईत चर्चे पुष्कळ होती. पण त्या रिकाम्या कमानीखाली उभे राहून, जिच्या आजीने ती जागा रिकामी पाहिली तिला, मी आनंदाने ओरडून सांगितले की ती आमच्याकडे आहे!

मावशी काही बोलल्या नाहीत. जराशा हसल्या, इतकेच.

तिथून आम्ही संत अँथनीच्या नावाच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलो. तिथली जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. पावलापावलावर कोरलेली अक्षरे, घराण्यांची चिन्हे. पाय कुठे ठेवावा हेच कळेना. आमच्यातल्या एका वयस्क भगिनींनी तर चपला काढून हातात घेतल्या. शिळांवरची नावे वाचता वाचता एका मुलीने विचारले, "बाई, हे सगळे इथंच पुरलेत, मग यांची मुलंबाळं कुठं गेली?"

मी म्हणणार, गाडीत सांगितले ना, जहाजांत बसून गेली. पण माझ्या आधी मावशी बोलल्या. आवाज नेहमीचाच, पापडाचे पीठ घट्ट झाले म्हणून सांगावे तसा.

"जहाजात बसून गेले ते फिरंगी. आम्ही कुठं गेलो, बाई? आम्ही इथंच होतो."

कुणी काही बोलले नाही. मीही नाही. तीस वर्षांत चौथीच्या किमान पंधराशे मुलांना मी ते वाक्य शिकवले असेल. त्या वर्गांत एखादी डिमेलो, एखादा लोपीस असेच. त्यांनी ते वाक्य वहीत उतरून घेतले असेल, परीक्षेत लिहिले असेल आणि मी त्याला पूर्ण गुणही दिले असतील.

मावशींनीच ती शांतता मोडली. "चला, ऊन चढलंय. माझ्या भावाकडं चहा ठेवायला सांगितलाय सगळ्यांचा." म्हणजे बाईंनी आदल्या दिवशीच भावाला निरोप दिला होता. बत्तीस जणींचा चहा! आमच्यापैकी कुणालाही न विचारता, न सांगता.

त्यांचे माहेर किल्ल्याच्या उत्तरेला, निर्मळकडे जाणाऱ्या बाजूला आहे. वसईची वाडी मी पहिल्यांदाच आतून पाहिली. केळी, नारळ, विड्याच्या पानांचे मांडव, कडेला मोगरा. आणि वाडीच्या टोकाला एक तळे, त्याला ते लोक बावखल म्हणतात. पावसाचे पाणी या बावखलांत साठते, जमिनीत मुरते आणि विहिरींना गोडे पाणी राहते. समुद्र इतका जवळ असताना या युक्तीवर वसईची सारी हिरवाई उभी आहे. आता बावखले बुजवून इमारती होत आहेत आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाते, त्याविरुद्ध वसईच्या लोकांनी मोठा लढा दिला. त्यात पुढे होते ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे. ते याच मातीतले. २०२४ साली ते वारले. मावशींच्या भावाने त्यांचा फोटो ओटीवर लावला आहे, येशूच्या तसबिरीच्या खालच्या बाजूला.

मावशींच्या वहिनींनी चहाबरोबर सुकेळी दिली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवतात. खजुरासारखी लागतात, पण मला विचाराल तर खजुरापेक्षा बरी. ती करणारी घरे आता थोडीच राहिली. "नऊ दहा दिवस उन्हात मांडा, संध्याकाळी आत घ्या, पुन्हा मांडा, कोण करतं?" वहिनी म्हणाल्या. आपल्या पापड विभागातल्या भगिनींना हे दुःख वेगळे सांगायला नको.

मग पेटीतून मावशींच्या आजीचे तांबडे लुगडे निघाले. त्यांच्या समाजाला कुपारी किंवा सामवेदी ख्रिस्ती म्हणतात. आडनावे पोर्तुगीज, पण घरातली बोली आपली त्यांची निराळी, कादोडी. नणंद-भावजया आपसांत बोलू लागल्या तेव्हा मला पहिल्यांदा चार वाक्ये कळली नाहीत, पाचव्याला कळले की ही तर मराठीचीच सख्खी बहीण. मावशींनी आणि वहिनींनी मिळून लग्नातले एक गाणे म्हटले. आमच्यातल्या कोकणच्या भगिनी लगेच म्हणाल्या की चाल आमच्या ओवीची आहे. वहिनी म्हणाल्या, "तुमची कशी? आमचीच ती!" या वादाचा निकाल मी परतीच्या गाडीपर्यंत लागू दिला नाही.

चहा घेताना मावशींच्या भावाने मला गोन्सालो गार्सियाचे नाव घेऊन विचारले, माहीत आहे का? मी प्रामाणिकपणे सांगितले, नाही. हा वसईचा मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. फ्रान्सिस्कन साधू होऊन तो जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारले. १८६२ साली रोमने त्याला संत ठरवले; हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिला संत. किल्ल्यातल्या ज्या जेझुइट चर्चच्या दारात आम्ही सकाळी डबे उघडून पुऱ्या खाल्ल्या, ते आता त्याच्याच नावाने ओळखतात आणि त्याच्या सणाला तिथे माणसांची दाटी होते. "तीस वर्षे इतिहास शिकवला ना तुम्ही?" असे तो गृहस्थ म्हणाला नाही. तो फार सभ्य माणूस आहे.

घरी आल्यावर मी जुनी पुस्तके काढली. मी शिकवले ते खोटे नव्हते. जुलूम झाला होता, देवळे पाडली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनही होते. त्याला प्रतिकार झाला तो योग्यच झाला. वसईच्या तटाखाली पडलेल्या माणसांचा मला आजही तितकाच अभिमान आहे. पण चिमाजीअप्पांनी दिलेला तह मी नीट वाचला नव्हता. पराभूत सैन्याला त्यांनी मानाने बाहेर जाऊ दिले. ज्यांना जायचे त्यांनी आपले सामान घेऊन जावे, ज्यांना राहायचे त्यांनी आपला धर्म पाळून राहावे, अशी मोकळीक दिली. म्हणजे मावशींचे पूर्वज इथे राहिले ते लपून नव्हे, आपल्या अप्पांच्या शब्दावर राहिले. चौथीच्या मुलांना सांगायला हे किती चांगले होते! विजयाची गोष्ट सांगण्याच्या भरात विजेत्याचा सर्वांत मोठा गुणच मी तीस वर्षे गाळला.

आणखी एक गोष्ट मी नेहमी घाईने उरकीत असे. ज्या वसईसाठी इतके रक्त सांडले ती १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने घेतली. सालबाईच्या तहाने ती परत आली खरी, पण ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने होळकरांच्या भीतीने पळत येऊन इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला, तो याच वसईत. अप्पांच्या विजयानंतर त्रेसष्ट वर्षांनी! वर्गात मी १७३९ ला दोन तास देई आणि १८०२ ला दहा मिनिटे. मुले विचारीत नसत, म्हणून चालून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मावशींकडे गेले. माफी मागायची म्हणून घरून चार वाक्ये जुळवून नेली होती. दार उघडताच त्या म्हणाल्या, "बाई, बरं झालं आलात. एक विचारायचं होतं." आणि मला बसवून त्यांनी विचारले, "ती नाशिकची घंटा अजून चांगली आहे? तडा नाही ना गेला?"

मी म्हटले, "नाही. अजून आहे तशी आहे."

"मग एकदा बघायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आजीला फार वाटायचं."

माझी चार वाक्ये तशीच राहिली, ती मी आज तुमच्यासमोर म्हटली असे समजा.

तर भगिनींनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मावशींना घेऊन नाशिकला जाणार आहे. सकाळच्या गाडीने निघायचे, गोदाकाठी नारोशंकर, मग काळाराम, दुपारचे जेवण माझ्या भावजयीकडे, रात्री परत. भावजयीने वीस पानांपर्यंत मांडायचे कबूल केले आहे, तेव्हा मावशी आणि मी धरून वीसच. ज्यांना यायचे असेल त्यांनी आजच्या चहाच्या आधी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. आणि या वेळी गाडीत मी बोलणार नाही. मावशी बोलणार आहेत, असे त्यांनी मला वचन दिले आहे.